रे हर्ब आणि कुलाब्याचा पेलेट्रॉन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कणत्वरकाचा, म्हणजे अणूंच्या कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राचा, विषय निघाला की मुंबईतही लोकांना आधी जिनिव्हा आठवते. मग कोणीतरी म्हणते, "आपल्या नेव्हीनगरला पण एक आहे म्हणे." आहे, पेलेट्रॉन त्याचे नाव, आणि तो तीन दशकांहून जास्त काळ चालला आहे. त्याच्यामागच्या कल्पना ज्यांच्या, त्या रे हर्ब यांचे नाव मात्र मराठीत फारसे कोणी घेत नाही. विद्यार्थी, पालक आणि भौतिकशास्त्र कधीच मागे सोडलेली मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे इथे आहेत. काही उत्तरे लांबली आहेत. त्याला इलाज नाही, गंमत तिथेच आहे.

रे हर्ब कोण?

रेमंड जॉर्ज हर्ब (१९०८–१९९६). अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात नॅव्हारिनो इथे शेतकरी घरात जन्म, विस्कॉन्सिन विद्यापीठातच शिक्षण, १९३५ साली तिथेच डॉक्टरेट आणि पुढे तिथेच प्राध्यापकी. १९६५ साली त्यांनी नॅशनल इलेक्ट्रोस्टॅटिक्स कॉर्पोरेशन ही कंपनी काढली. कुलाब्याचे यंत्र त्याच कंपनीचे.

त्यांच्या नावावर नवा कण नाही, समीकरण नाही. लाखो व्होल्टचा दाब ठिणगी न पडता धरून कसा ठेवायचा, तो हलू कसा द्यायचा नाही आणि ज्या नळीतून कण धावतात ती स्वच्छ कशी ठेवायची, या तीन प्रश्नांवर त्यांनी आयुष्य घातले. कणत्वरकांचा इतिहास बहुतेकदा 'कोणी किती ऊर्जा गाठली' या शर्यतीच्या अंगाने सांगतात. हर्ब यांचे काम त्या पद्धतीने सांगायला गेले तर हातात काहीच उरत नाही.

व्हॅन डी ग्राफचे यंत्र शाळेत पाहिले आहे, केस उभे राहतात ते. त्याचा इथे काय संबंध?

तेच मूळ आहे. रॉबर्ट व्हॅन डी ग्राफ यांनी १९२९ साली प्रिन्स्टनमध्ये पहिला नमुना केला. तत्त्व साधे: पोकळ धातूच्या गोळ्याच्या आत नेऊन सोडलेला विद्युत्भार गोळ्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर जातो, गोळ्यावर आधीच कितीही भार साठलेला असो. तेव्हा एक फिरता पट्टा लावायचा, खाली त्याच्यावर भार फवारायचा, वर गोळ्याच्या आत तो काढून घ्यायचा. पट्टा फिरतोय तोवर व्होल्टेज चढत राहते. गोळ्यापासून जमिनीपर्यंत निर्वात नळी लावली, वरून आयन (विद्युत्भारित अणू) सोडले, की ते त्या दाबाने खाली ढकलले जातात. झाला त्वरक.

मग अडचण कुठे होती?

हवेत. साध्या दाबाची कोरडी हवा सेंटिमीटरला सुमारे ३० हजार व्होल्ट सहन करते, त्यापुढे ठिणगी पडते. गोळ्याच्या वक्र पृष्ठभागावर विद्युत्क्षेत्र तीव्र होते म्हणून गोळा मोठा हवा. भिंती जवळ आल्या तर ठिणगी तिकडे उडी मारते, म्हणून खोलीही प्रचंड हवी. एमआयटीने राउंड हिल इथे १९३३ साली जे यंत्र उभारले त्याचे गोळे साडेचार मीटर व्यासाचे होते आणि ते ठेवायला एअरशिपचे (वायूच्या फुग्यावर तरंगणाऱ्या हवाई जहाजाचे) हँगर लागले. त्यात दमट हवा आली की भार गळू लागतो. हे यंत्र जुलै महिन्यात उघड्यावर नेव्हीनगरला चालवून पाहावे, तीन बाजूंनी समुद्र असताना. मुंबईकराला जास्त सांगायची गरज नाही.

हर्ब यांनी पहिल्यांदा नेमके काय केले?

विस्कॉन्सिनमध्ये त्यांच्या आधी एक प्रयत्न झाला होता: यंत्र टाकीत बसवायचे आणि टाकीतली हवा उपसून काढायची. हवाच नाही तर ठिणगी कुठून? कागदावर बरोबर, पण मोठ्या व्होल्टेजला निर्वातातही ठिणग्या पडतात आणि गाडी काही लाख व्होल्टच्या पुढे सरकेना. हर्ब यांनी उलट केले. हवा काढण्याऐवजी कोंबून भरली. वायूचा दाब वाढवला की रेणू जवळजवळ येतात, धावत्या इलेक्ट्रॉनला वेग पकडायला मोकळी वाट मिळत नाही आणि ठिणगी सुरू होण्याआधीच विझते.

पार्किन्सन आणि कर्स्ट या सहकाऱ्यांसोबत त्यांनी हे यंत्र १९३५ साली प्रसिद्ध केले. (हेच डोनाल्ड कर्स्ट १९४० साली इलिनॉयमध्ये बीटाट्रॉन हा इलेक्ट्रॉनांचा त्वरक चालवून दाखवणारे.) पुढे टाकी लांब झाली, हवेत कार्बन टेट्राक्लोराइडसारखी वाफ मिसळली की सहनशक्ती वाढते हे लक्षात आले. १९४० च्या यंत्रात त्यांनी एकात एक तीन विद्युत्‌अग्रे बसवली, म्हणजे सगळा दाब एकाच फटीवर न पडता वाटला जातो. ते यंत्र साडेचार मेगाव्होल्टच्या (मेगाव्होल्ट म्हणजे दहा लाख व्होल्ट) आसपास पोचले. स्थिर विद्युत यंत्रांमध्ये तेव्हा त्याच्या वर कोणी नव्हते.

आज जगातले जवळजवळ प्रत्येक मोठे स्थिरविद्युत त्वरकयंत्र दाबाच्या टाकीत असते. ही वाट वापरात आणली ती हर्ब यांनी.

आता टाकीत हवाच भरतात का?

नाही. दाबाखालच्या हवेत प्राणवायू भरपूर, त्यात ठिणगी पडली आणि पट्टा पेटला तर काय होईल याचा विचारच केलेला बरा. आता सल्फर हेक्झाफ्लोराइड भरतात. तो जळत नाही, जळूही देत नाही, आणि सारख्याच दाबाला हवेच्या सुमारे अडीचपट व्होल्टेज सहन करतो, कारण त्याचा रेणू मोकळे इलेक्ट्रॉन गिळून टाकतो. हा वायू मुंबईकरांच्या नकळत शहरभर आहे. जागा महाग असल्याने इथली कितीतरी वीज उपकेंद्रे याच वायूने भरलेल्या बंद नळकांड्यांत बसवलेली आहेत.

हर्ब अणुबाँबच्या प्रकल्पात होते का?

ते स्वतः युद्धकाळात एमआयटीच्या रडार प्रयोगशाळेत होते. त्यांची यंत्रे मात्र गेली. विस्कॉन्सिनची दोन व्हॅन डी ग्राफ यंत्रे १९४३ साली उचलून लॉस अलामॉसला नेली, कारण ठरावीक ऊर्जेचे न्यूट्रॉन पाडून अणुकेंद्रकांचे मोजमाप करायला यांच्याइतके काटेकोर साधन नव्हते. हर्ब यांच्या गटात तयार झालेले जोसेफ मॅककिबेन यंत्रांबरोबर गेले, आणि १९४५ च्या ट्रिनिटी या पहिल्या अणुबाँब चाचणीत स्फोटाचा स्वयंचलित क्रम सुरू करणारी कळ त्यांनी दाबली.

व्होल्टेज 'स्थिर' असण्याचे एवढे कौतुक कशासाठी?

कारण अणुकेंद्रकाला सरासरी समजत नाही. एखादी अणुप्रक्रिया ठरावीक ऊर्जेलाच जोरात घडते. किंचित वर किंवा खाली सरकलात की काही नाही. व्होल्टेज डगमगत असेल तर असा अरुंद उंचवटा मापनात पसरून जातो आणि दिसतच नाही.

हर्ब, स्नोडन आणि साला यांनी १९४९ साली तीन प्रक्रियांची ऊर्जा निरपेक्ष मोजून दिली. प्रोटॉनने लिथियममधून न्यूट्रॉन बाहेर पडू लागतो ती सीमा: १.८८ एमईव्ही (एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट, केईव्ही म्हणजे एक हजार; कणांची ऊर्जा मोजायची एकके). ॲल्युमिनियमचा अनुनाद, म्हणजे वर सांगितलेला अरुंद उंचवटा: सुमारे ९९३ केईव्ही. फ्लोरिनचा: सुमारे ८७३ केईव्ही. पुढे वर्षानुवर्षे जगभरच्या प्रयोगशाळांनी आपली यंत्रे या खुणांवर लावून घेतली. वजनकाट्याला प्रमाणित वजन लागते, तसे व्होल्टमापनाला या तीन आकड्यांनी पुरवले. माझ्या मते हर्ब यांची खरी ओळख साडेचार मेगाव्होल्टच्या विक्रमापेक्षा या कामात आहे. विक्रम काही वर्षांत मोडतो. या संख्या टिकून राहिल्या.

१९४९ च्या त्या मोजमापातले ऑस्कर साला ब्राझीलचे. त्यांनी साव पाउलोला त्वरकाची परंपरा उभी केली, आणि सुरुवातीच्या मोठ्या पेलेट्रॉनांपैकी एक १९७० च्या दशकाच्या आरंभी तिथेच बसला.

आता मुद्द्याचे. पेलेट्रॉन म्हणजे काय?

पट्टा काढून साखळी लावलेले व्हॅन डी ग्राफ यंत्र. एवढेच म्हणून सोडता येईल, पण मग हर्ब यांनी काय साधले ते कळणार नाही.

पट्ट्याची दुखणी अनेक. रबर आणि कापडाचा पट्टा वेगाने फिरताना झिजतो, धूळ पाडतो आणि ती धूळ टाकीतल्या प्रत्येक इन्सुलेटरवर बसते. त्याची जाडी सगळीकडे सारखी नसते म्हणून भारही सारखा चढत नाही आणि व्होल्टेजला हेलकावे बसतात. तो ओलावा धरतो. मोठी ठिणगी पडली की भाजतो. भार चढवायला सुईसारख्या टोकांतून फवारा मारावा लागतो, आणि त्या फवाऱ्यावर पूर्ण ताबा कधीच नसतो.

हर्ब यांच्या साखळीत धातूच्या लहान नळकांड्या असतात, त्यांना पेलेट म्हणतात. दोन पेलेटच्या मध्ये नायलॉनचा सांधा. धातू, नायलॉन, धातू, नायलॉन, अशी ती साखळी वरच्या टर्मिनलपर्यंत, म्हणजे भार साठवणाऱ्या पोकळ गोळ्यासारख्या भागापर्यंत, जाते आणि परत येते, रहाटगाडग्यासारखी. फक्त इथे गाडगी पाण्याऐवजी भार वाहतात, आणि परतताना रिकामी येत नाहीत.

भार चढतो तो स्पर्शाने किंवा फवाऱ्याने नव्हे, प्रवर्तनाने. खालच्या कप्पीला पेलेट टेकलेली असताना तिच्याजवळ ऋणभारित पट्टी धरलेली असते. पेलेटमधले इलेक्ट्रॉन तिच्यापासून दूर, म्हणजे कप्पीत आणि तिथून जमिनीत पळतात. पेलेट त्या पट्टीच्या प्रभावात असतानाच कप्पी सोडते, म्हणजे पळालेल्या इलेक्ट्रॉनना परतायचा रस्ता बंद. आता ती धनभारित होऊन वर निघाली. वर टर्मिनलमध्ये हाच प्रकार उलट होतो: धनभार देऊन झाला की परतीच्या वाटेवर ती ऋणभार घेऊन खाली येते. एकाच फेरीत दोन्ही बाजूंनी काम.

कुठेही ठिणगी लागत नाही, घासून भार काढायचा नाही, धूळ जवळजवळ नाही. प्रत्येक पेलेट एकाच साच्यातली, त्यामुळे प्रत्येकीवर जवळपास तेवढाच भार. पट्टीवरचा दाब बदलला की भार त्या प्रमाणात बदलतो, म्हणजे चालवणाऱ्याच्या हातात नेमका ताबा. साखळी हजारो तास चालते, आणि एखादा सांधा गेला तर तेवढाच बदलता येतो.

ही कल्पना १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धातली. तेव्हा या बाजारात हाय व्होल्टेज इंजिनिअरिंग कॉर्पोरेशनचा दबदबा होता, १९४६ साली व्हॅन डी ग्राफ, डेनिस रॉबिन्सन आणि जॉन ट्रम्प यांनी काढलेल्या कंपनीचा. (हो, डोनाल्ड ट्रम्प यांचे सख्खे काका. एमआयटीतले नामांकित अभियंते होते. हा प्रश्नही येतोच, म्हणून इथेच उरकतो.) तिची यंत्रे पट्ट्याची. पन्नाशी ओलांडलेल्या प्राध्यापकाने विद्यापीठ असलेल्या गावाशेजारी छोटी कंपनी काढून तिच्यासमोर उभे राहणे सोपे नव्हते. पुढे ओक रिज प्रयोगशाळेचे २५ मेगाव्होल्टचे यंत्र, कॅनबेराचे १४ यूडी (कंपनीच्या यंत्राचे नाव, आकडा मेगाव्होल्टचा), दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्राचे १५ यूडी, सगळी हर्ब यांच्या कंपनीकडून आली.

म्हणजे हर्ब यांचे योगदान साखळीपुरतेच?

असे समजणे सोयीचे आहे, पण चूक. साखळी डोळ्यांत भरते कारण यंत्राला नाव तिच्यावरून मिळाले. ज्या नळीतून आयन जातात तिचे काम मला तेवढेच मोलाचे वाटते.

त्वरकनळी म्हणजे इन्सुलेटरचे कडे, धातूची चकती, पुन्हा कडे, अशी रचना. आत निर्वात हवा. जुन्या नळ्यांत हे सांधे सेंद्रिय गोंदाने जोडत. गोंद वाफा सोडतो. त्यातच पंपातल्या तेलाची वाफ मिसळते. धावत्या कणांच्या माऱ्याने या वाफांमधला कार्बन आतल्या पृष्ठभागावर बसतो, आणि इन्सुलेटरवर कार्बनचा थर म्हणजे ठिणगीला आमंत्रण. शिवाय लांब नळीत एक वेगळेच दुखणे असते: दहा छोट्या नळ्या प्रत्येकी जेवढे व्होल्टेज पेलतात, त्यांची एक सलग नळी केली तर ती त्याच्या दसपट पेलत नाही. भटके इलेक्ट्रॉन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत ऊर्जा कमावतात, क्ष-किरण उत्पन्न करतात आणि पडझड सुरू होते.

हर्ब यांनी दोन्हीकडून हात घातला. १९५० च्या दशकात त्यांनी तेलाशिवाय चालणारा पंप केला: टायटॅनियम तापवून त्याची वाफ भिंतीवर बसवायची आणि ताज्या टायटॅनियमच्या थराने उरलेसुरले वायू पकडून ठेवायचे. नंतर कंपनीत गोंद पूर्ण हद्दपार केला. ॲल्युमिनाचे सिरॅमिक आणि टायटॅनियमच्या चकत्या थेट एकमेकांना सांधल्या. अशी नळी तापवून आतून स्वच्छ करता येते. आणि सगळे यंत्र एकेक मेगाव्होल्टच्या सुट्या मॉड्यूलमध्ये बांधले, म्हणजे शंका असलेला भाग सोडून बाकीचे वेगळे तपासता येतात. दुरुस्ती करणाऱ्याचा असा विचार करणारे संशोधक थोडे.

त्या पंपावरच्या १९५३ च्या टिपणावर हर्ब यांच्यासोबत ए. एस. दिवातिया हे नाव आहे. हेच दिवातिया पुढे अणुऊर्जा विभागात आले, आणि कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉनच्या (कणांना गोल फिरवत वेग देणाऱ्या त्वरकाच्या) उभारणीशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. म्हणजे हर्ब यांची तालीम भारतात पेलेट्रॉनच्या बरीच आधी पोचली होती.

'टँडम' काय असते?

एकच व्होल्टेज दोनदा वापरायची युक्ती, कुलाब्याच्या यंत्रातही हीच आहे. ही हर्ब यांची नाही. कल्पना विलार्ड बेनेट यांच्या १९३० च्या दशकातल्या कामात सापडते, १९५१ साली लुइस अल्वारेझ यांनी ती नव्याने मांडली. टाकीच्या मधोमध धन टर्मिनल. एका टोकाकडून ऋण आयन सोडायचे, टर्मिनल त्यांना खेचून घेते. आत कार्बनचा अतिशय पातळ पापुद्रा, त्यातून जाताना आयनाचे इलेक्ट्रॉन सोलले जातात आणि तो धन होतो. आता तेच टर्मिनल त्याला दुसऱ्या टोकाकडे ढकलते.

हिशोब करून पाहा. टर्मिनल १४ मेगाव्होल्टवर असेल तर प्रोटॉनला १४ अधिक १४, म्हणजे २८ एमईव्ही. ऑक्सिजनचे सात इलेक्ट्रॉन कमी झाले तर जाताना १४, येताना सातपट १४, एकूण ११२ एमईव्ही. जड आयनांना हे यंत्र मानवते ते यामुळे. प्रत्यक्षात यंत्र रोज शेवटच्या मेगाव्होल्टपर्यंत ताणत नाहीत, पण गणित हेच.

कुलाब्याचे यंत्र कधी सुरू झाले? कोणाचे आहे?

टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) आणि भाभा अणुसंशोधन केंद्र (बीएआरसी) यांचे सामायिक. १४ यूडी पेलेट्रॉन १९८८ च्या डिसेंबरअखेर कार्यान्वित झाला. टाकी उभी आहे, अनेक मजली उंच. आयनस्रोत वर, टर्मिनल मध्ये, आणि तळाशी ९० अंशांत वळवणारे चुंबक, जे नेमक्या ऊर्जेचे आयन तेवढे पुढे जाऊ देते. चुंबकाच्या पुढच्या फटीच्या दोन्ही कडांवर किती आयन आपटतात ते मोजून टर्मिनलचे व्होल्टेज सतत सावरले जाते. आयनांचा झोत डावीकडे सरकला तर व्होल्टेज चुकले, हा निरोप क्षणात वर जातो.

लिनॅक म्हणतात तो वेगळा का?

वेगळा, पण त्याच रांगेतला. पेलेट्रॉनमधून निघालेल्या आयनांना आणखी धक्का देणारा अतिसंवाहक (विजेला अडथळाच न करणाऱ्या धातूचा) रेषीय त्वरक. तांब्याच्या पोकळ्यांना आतून शिशाचा पातळ मुलामा, द्रव हीलियममध्ये ४.२ केल्व्हिनपर्यंत थंड केलेल्या. शिसे ७.२ केल्व्हिनखाली अतिसंवाहक होते. सात क्रायोस्टॅटमध्ये (अतिथंड ठेवणाऱ्या टाक्यांमध्ये) प्रत्येकी चार, अशा २८ पोकळ्या १५० मेगाहर्ट्झवर चालतात. पहिला टप्पा २००२, दुसरा २००७. बरेचसे काम इथल्याच लोकांनी इथेच केले. यात हर्ब यांचे थेट काही नाही, पण सुरुवातीला स्वच्छ, स्थिर झोत मिळाला नाही तर पुढच्या पोकळ्या काही करू शकत नाहीत.

इथे संशोधन कशावर होते?

प्रामुख्याने अणुकेंद्रकांवर. दोन केंद्रके एकमेकांवर आदळून मिसळतात कशी, जड केंद्रक दुभंगते कसे, वेगाने फिरणारे केंद्रक कोणत्या गॅमा किरणांनी शांत होते. देशातल्या मोठ्या त्वरक केंद्रांमध्ये आळीपाळीने फिरणारा 'इंगा' हा गॅमा शोधकांचा संच इथेही बसवला जातो. त्याशिवाय पदार्थविज्ञान, अणुभौतिकी आणि प्रारणाचा इलेक्ट्रॉनिक भागांवर होणारा परिणाम.

कार्बनवरून वय काढतात, त्याच्याशी पेलेट्रॉनचा संबंध आहे?

आहे, आणि तो निसर्गाच्या एका लहरीवर उभा आहे. जुन्या लाकडात किंवा हाडात कार्बन-१४ (वय सांगणारा किरणोत्सारी कार्बन) अत्यल्प असतो आणि नायट्रोजन-१४ जवळजवळ तेवढ्याच वस्तुमानाचा. साध्या उपकरणाला फरक कळत नाही. पण टँडमला सुरुवातीस ऋण आयन लागतो आणि नायट्रोजनचा ऋण आयन टिकतच नाही. तोतया दारातच गळतो. १९७७ साली रॉचेस्टर आणि मॅकमास्टर इथल्या गटांनी हे दाखवले. तेव्हापासून मिलिग्रॅमभर कार्बन पुरतो. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात या कामासाठी ५०० किलोव्होल्टचा छोटा पेलेट्रॉन आहे. कुलाब्याच्या मोठ्या यंत्रावर क्लोरिन-३६ (क्लोरिनचा किरणोत्सारी प्रकार) मोजण्याचे काम झाले आहे.

मुंबईचा याच्याशी जुना धागा आहे. १९६० च्या दशकात टीआयएफआरमध्ये कार्बन कालमापनाची प्रयोगशाळा होती, अर्थात त्वरकाविना, किरणोत्सर्ग मोजून. नेवाशासारख्या महाराष्ट्रातल्या स्थळांच्या जुन्या तारखांपुढे 'टीएफ' अक्षरे दिसतात ती तिथली. पुढे हे काम अहमदाबादला गेले.

जिनिव्हाच्या एलएचसी या महाकाय त्वरकाच्या मानाने हे फारच छोटे नाही का?

ऊर्जेत हजारो पटींनी छोटे. पण विचारलेला प्रश्न वेगळा आहे. केंद्रकाच्या आत काय चालले आहे हे पाहायचे तर दोन धनभारित केंद्रकांमधले प्रतिकर्षण ओलांडण्याइतकी ऊर्जा हवी, आणि ती हवी तशी थोडीथोडी वरखाली करता आली पाहिजे. २७ किलोमीटरच्या वर्तुळाला हे काम देता येत नाही.

'टाटा'मध्ये कॅन्सरवर प्रोटॉन उपचार करतात, ते याच यंत्रावर?

नाही. नाव टाटा असले तरी संस्था वेगळ्या. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय आणि कुलाब्याचे टीआयएफआर दोन्ही अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली आहेत, साम्य तिथे संपते. प्रोटॉन उपचार टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रात २०२३ पासून होतात आणि तिथला सायक्लोट्रॉन २३० एमईव्हीपर्यंत जातो. पेलेट्रॉनचा २८ एमईव्हीचा प्रोटॉन शरीरात एक सेंटिमीटरही शिरत नाही. रुग्णालयात नेहमी दिसणारे 'लिनॅक' इलेक्ट्रॉनचे असतात, आणि त्यातले देशी यंत्र पवईच्या समीर संस्थेने विकसित केले. ती संस्थाही मुळात टीआयएफआरमधूनच निघालेली.

शेजारी राहणाऱ्यांना किरणोत्सर्गाचा धोका?

हा अणुभट्टीसारखा प्रकार नाही. झोत बंद केला की नवे प्रारण निर्माण होणे त्याच क्षणी थांबते. चालू असताना जाड काँक्रीटच्या भिंती आणि कुलूपबंद दारे असतात. दार उघडले तर झोत थांबतो.

काळजी घ्यावी लागते ती टाकीतल्या सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूची. तो हवेच्या पाचपट जड, विषारी नाही, पण खड्ड्यात साठला तर श्वास कोंडतो. आणि हरितगृह वायू म्हणून तो कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून जास्त ताकदीचा. त्यामुळे टाकी उघडायची झाली की वायू आधी साठवण टाक्यांत खेचून घेतात आणि काम झाल्यावर वाळवून परत भरतात. 'टँक ओपनिंग' हा त्यामुळे मोठा सोहळा असतो, बारीकसारीक कारणासाठी करायचा नव्हे.

हर्ब यांना नोबेल का नाही?

व्हॅन डी ग्राफ यांनाही नाही. सायक्लोट्रॉनचे जनक लॉरेन्स यांना १९३९ साली, त्वरकाने अणुकेंद्रक फोडणारे कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांना १९५१ साली मिळाले, ते यंत्रासोबत त्यावर केलेल्या अणुविज्ञानाला धरून. हर्ब यांना अमेरिकन फिजिकल सोसायटीचे टॉम बॉनर पारितोषिक मिळाले आणि ते अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्य होते. इतरांच्या प्रयोगाखाली उभे राहणारे काम पारितोषिक समित्यांना उशिरा दिसते किंवा दिसत नाही.

ट्रॉम्बेलाही त्वरक आहे ना?

हो. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे साडेपाच मेगाव्होल्टचे व्हॅन डी ग्राफ यंत्र आले. ते थकल्यावर मोडीत न काढता त्याच्याच टाकीत घडीचा टँडम (जाण्यायेण्याच्या दोन्ही नळ्या शेजारी बसवलेला) बसवला, त्याचे नाव फोटिया, ६ मेगाव्होल्टचा. २००० साली त्यातून पहिला झोत निघाला.

या क्षेत्रात जायला काय शिकावे?

संशोधनासाठी भौतिकशास्त्रात एमएस्सी, मग टीआयएफआरची प्रवेशपरीक्षा, जेस्ट ही अनेक संस्थांची सामायिक परीक्षा किंवा बीएआरसीचे प्रशिक्षण विद्यालय. पण पालकांना एक सांगतो: त्वरक चालतो तो व्हॅक्युम, क्रायोजेनिक्स, पॉवर सप्लाय आणि यंत्रशाळेच्या माणसांवर. इंजिनिअरिंग, डिप्लोमा किंवा आयटीआय करून या कामात आलेल्यांचे कौशल्य दुसरीकडे सहज मिळत नाही. घरात पंखा उघडून बसणारे पोर असेल तर त्याला ओरडू नका.

पाहायला मिळतो का?

एरवी सहज जाऊन नाही. नेव्हीनगर संरक्षण खात्याचा भाग, फाटकावर तपासणी असते. शाळा-महाविद्यालयांनी संस्थेशी आधी पत्रव्यवहार करावा, किंवा विज्ञान दिनासारख्या निमित्ताने ठेवलेल्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवावे. नुसत्या गप्पा ऐकायच्या असतील तर टीआयएफआरची मंडळी जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये 'चाय अँड व्हाय?' करतात, तिथे प्रश्न विचारायला कोणी अडवत नाही. कुलाब्याला जायचे ठरलेच तर मूळ ओळखपत्र न्या आणि चर्चगेट किंवा सीएसएमटीहून नेव्हीनगरची बेस्ट बस पकडा.